दाब बरोबर, कार्बन बेपत्ता: नागपुरातल्या एका ऑटोक्लेव्हचं प्रकरण

नवतपा लागला होता. आमच्या प्रयोगशाळेत एसी फक्त जीसीच्या (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या) खोलीत. रिॲक्टर, म्हणजे दाबाखाली क्रिया घडवायचा बंद ऑटोक्लेव्ह, ठेवलेल्या हॉलमध्ये दोन कूलर, आणि दुपारी तीनला भिंतीवरचं थर्मामीटर ४२ वर. अशा एका दुपारी काडीकचऱ्यापासून इंधन करण्यावर काम करणारा माझा एम.टेक.चा विद्यार्थी वही घेऊन आला. "मॅडम, ग्वायाकॉल पूर्ण संपलं. शंभर टक्के कन्व्हर्जन." तीन महिन्यांच्या धडपडीनंतरचा तो पहिला स्वच्छ आलेख होता, आणि त्याचा आनंद मलाही झाला. मग मी विचारलं, "कार्बन किती सापडला?"

त्याने पान उलटलं. "७० पैकी ३३."

अर्ध्याहून जास्त कार्बन कुठे गेला, हे शोधायला आम्हाला पुढचे पाच आठवडे लागले. हे प्रकरण त्या पाच आठवड्यांचं आहे. सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की ज्या आकड्यावर आम्ही सगळ्यात जास्त विश्वास टाकला होता, त्याच आकड्याला खरी गोष्ट दिसणं शक्य नव्हतं. जैवइंधनावर नव्याने काम सुरू करणाऱ्या मुलामुलींना हे आधीच माहीत असलेलं बरं.

ग्वायाकॉलच का

हा मुलगा यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला. वेचणी संपली की शेतात पऱ्हाटी उभी राहते. ती उपटायची, थोडी चुलीला ठेवायची, उरलेली धुऱ्यावर पेटवून द्यायची, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. पऱ्हाटीचा साधारण पाव हिस्सा लिग्निन असतो. झाडाला ताठ उभं ठेवणारा, सेल्युलोजचे धागे एकमेकांना चिकटवून धरणारा हा पदार्थ. कागद कारखान्यात लाकूड शिजवलं की तो काळ्या द्रावात उतरतो आणि बॉयलरमध्ये जळतो. पिकांच्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतही साखर होऊ शकेल तेवढा भाग वापरला जातो आणि लिग्निन मागे उरतं. खरं तर निसर्गात बेंझिनसारख्या कड्यांचा एवढा मोठा साठा दुसरा नाही. तो फक्त उष्णतेसाठी जाळून टाकणं मला कायम खटकत आलं आहे.

लिग्निन तोडलं की मिळणारे तुकडे म्हणजे फिनॉलची भावंडं: कडं तेच, त्याला चिकटलेला एक हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी), एक किंवा दोन मेथॉक्सी (ऑक्सिजनमार्फत जोडलेला एक कार्बन), आणि बहुतेक वेळा तीन कार्बनची शेपटी. शेपटी काढून टाकली तर उरतं ते ग्वायाकॉल. म्हणून जगभर याच रेणूवर उत्प्रेरकांची पहिली परीक्षा घेतली जाते. चुलीच्या धुराचा जो ओळखीचा वास आहे, त्यात ग्वायाकॉलचा मोठा वाटा असतो. बाटली उघडली की आमच्या हॉलमध्ये आजीच्या स्वयंपाकघराचा वास येतो. त्याचा वितळणांक २८ अंशांच्या आसपास, त्यामुळे जानेवारीत बाटलीत पांढरा खडा बसतो आणि ती कोमट पाण्यात ठेवावी लागते. मे महिन्यात मात्र पिपेटने सरळ ओढता येतं. नागपुरात ऋतू सांगायला ही एक बाटली पुरे.

या रेणूत वजनाने जवळजवळ २६ टक्के ऑक्सिजन आहे. इंधनात हा ऑक्सिजन नको असतो. तो उष्मांक कमी करतो, साठवणुकीत तेल घट्ट होतं, आणि पेट्रोलियमच्या इंधनात ते नीट मिसळत नाही. हायड्रोजनच्या दाबाखाली, धातूच्या उत्प्रेरकावर, ऑक्सिजन पाण्याच्या रूपात काढायचा आणि कड्याचे सहा कार्बन शाबूत ठेवायचे, एवढंच काम आहे. सगळी गोम "शाबूत ठेवायचे" या दोन शब्दांत आहे.

प्रयोग कसा होता

१०० मिलिलिटरचा स्टीलचा ऑटोक्लेव्ह. त्यात ग्वायाकॉल १.२४ ग्रॅम, म्हणजे १० मिलीमोल (मिलीमोल हे रेणू-अणू मोजायचं एकक). एका रेणूत सात कार्बन, म्हणून कार्बन ७० मिलीमोल. द्रावक म्हणून डोडेकेन ४० मिलिलिटर. उत्प्रेरक कार्बनवर बसवलेलं ५ टक्के रुथेनियम, पाव ग्रॅम. वर उरलेल्या सुमारे ६० मिलिलिटर जागेत ४० बार हायड्रोजन, म्हणजे ३५ अंशांना जवळपास ९४ मिलीमोल. २५० अंशांवर चार तास ढवळायचं, पुन्हा ३५ अंशांपर्यंत थंड करायचं, दाब लिहायचा, गॅस धूर ओढून घेणाऱ्या हुडातून बाहेर सोडायचा, द्रव गाळायचा आणि जीसीला द्यायचा.

ग्वायाकॉलचा एक रेणू सायक्लोहेक्झेन (ऑक्सिजन नसलेलं सहा कार्बनचं कडं, आम्हाला हवं ते उत्पादन) होताना हायड्रोजनचे सहा रेणू खातो, आणि मेथॉक्सीतला कार्बन मिथेन होऊन निघतो. म्हणजे १० मिलीमोलमागे ६० मिलीमोल हायड्रोजन गेला, १० मिलीमोल मिथेन आला. वायूत निव्वळ घट ५०. दाब ४० वरून १९ च्या जवळ यायला हवा.

दाबमापकाचा काटा १८ च्या थोडा वर थांबला होता. विद्यार्थ्याने वहीत त्याभोवती गोल केला होता: "हायड्रोजनचा हिशेब जुळला."

तो गोल पाहून मीही समाधान मानलं होतं. माझी चूक तिथली.

उन्हावर घेतलेला आळ

कार्बन बेपत्ता आहे म्हटल्यावर हॉलमधल्या प्रत्येकाचं पहिलं उत्तर एकच होतं: उडून गेला. सायक्लोहेक्झेन ८१ अंशांना उकळतं, बाहेर ४५, आत ४२. नागपूरच्या उन्हाळ्यात कशावरही आळ घ्यायचा असेल तर उन्हावर घेणं सगळ्यात सोपं. मलाही ते पटलं होतं. पण पटलेली गोष्ट मोजायला काय हरकत आहे, म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो.

४२ अंशांना शुद्ध सायक्लोहेक्झेनचा बाष्पदाब सुमारे २७ किलोपास्कल. आमच्या मिश्रणात ते मोलच्या हिशेबाने जेमतेम पाच टक्के, बाकी सगळं डोडेकेन. म्हणजे वरच्या वायूत त्याचा वाटा दीड किलोपास्कलसुद्धा नाही. १८ बारपासून साध्या दाबापर्यंत गॅस सोडताना किती सायक्लोहेक्झेन सोबत जाईल, हे मांडलं तर उत्तर आलं ०.१ मिलीमोलच्या आसपास. दहा मिलीमोलमधला एक टक्का. कार्बनच्या भाषेत सत्तरातला एकसुद्धा नाही.

आकडेमोडीवर थांबलो नाही. १० मिलीमोल सायक्लोहेक्झेन डोडेकेनमध्ये मिसळलं, उत्प्रेरक न घालता नायट्रोजन भरला, तापवलं, थंड केलं, गॅस सोडला आणि नेहमीसारखं गाळून जीसीला दिलं. यात एक घट सापडली: साधारण दहातला एक हिस्सा कमी आला. पण ती रिॲक्टरमधली नव्हती. आम्ही व्हॅक्यूम पंप लावून गाळत होतो, आणि पंप हवेसोबत हलका सायक्लोहेक्झेनही ओढत होता. सिरिंजच्या टोकाला लावायचा छोटा फिल्टर आणला आणि ही घट संपली.

सुधारलेल्या पद्धतीने रुथेनियमचा प्रयोग पुन्हा केला. सत्तरपैकी द्रवात सापडले ३८. उरलेले ३२ अजूनही बेपत्ता.

दुसरा संशय कोळशावर होता. कड्याचे रेणू उत्प्रेरकावर एकमेकांना जोडले जाऊन काळा थर बसतो, हे फिनॉलच्या कामात नेहमीचं आहे, विशेषतः ॲल्युमिनासारख्या आम्लधर्मी आधारावर. पण वापरलेली पूड ॲसिटोनने धुऊन, वाळवून तोलली तेव्हा वजनात नाव घेण्यासारखी वाढ नव्हती. ३२ मिलीमोल कार्बन म्हणजे ३८० मिलिग्रॅमहून जास्त. पाव ग्रॅम पुडीवर तेवढा कोळसा बसला असता तर तो तराजूला कळलाच असता.

काकांना दिसलेले बुडबुडे

प्रयोगशाळेतले काका गेली कित्येक वर्षं रिॲक्टर उघडतात, धुतात, गॅस्केट बदलतात. तिसऱ्या फेरीला त्यांनी गॅस सोडला, झाकण काढलं, द्रव काचेच्या बाटलीत ओतला आणि मला हाक मारली.

"मॅडम, हे पाहा ना. सोड्यासारखं फसफसून राहिलं."

खरंच बारीक बुडबुडे वर येत होते. डोडेकेन उकळत नव्हतं, त्याला २१६ अंश लागतात. विद्यार्थी म्हणाला, "काका, हायड्रोजन असेल विरघळलेला." काका म्हणाले, "असन. पण नुसता गॅस भरून टेस्ट केली होती ना भाऊ, तेव्हा तर असं झालं नव्हतं."

हे एक वाक्य आमच्या सगळ्या आलेखांपेक्षा मोलाचं ठरलं. हायड्रोजन डोडेकेनमध्ये फार कमी विरघळतो. त्याच दाबाला मिथेन त्याच्या कितीतरी पट विरघळतो. रिॲक्टर उघडल्यावरही सुटत राहील एवढा वायू द्रवात असेल, तर तो नुसता हायड्रोजन नसावा.

पुढच्या फेरीला गॅस हुडातून सोडून दिला नाही. व्हॉल्व्हला नळी लावून गॅसच्या पिशवीत धरला, द्रवातून सुटणाराही त्याच पिशवीत घेतला, आणि गॅसटाइट सिरिंजने जीसीत टोचला. आमच्या यंत्राचा ज्वाला-डिटेक्टर हायड्रोजन पाहू शकत नाही, पण मिथेन उत्तम पाहतो. सुरुवातीलाच एक प्रचंड शिखर आलं. माहीत असलेल्या मिथेनशी तुलना केली तेव्हा ते भरलं ३० मिलीमोलच्या घरात.

३८ आणि ३०. सत्तरातले अडुसष्ट सापडले. इतके महिने आम्ही हेच मिथेन हुडातून वर सोडत होतो.

काट्याला काय दिसत नव्हतं

आता तो वहीतला गोल. दाबाचा हिशेब जुळला होता, तर एवढं मिथेन आलं कुठून?

सायक्लोहेक्झेनचं कडं पूर्ण तुटलं तर सहा हायड्रोजन जातात आणि सहा मिथेन येतात. सहा गेले, सहा आले. वायूच्या रेणूंची संख्या तेवढीच, म्हणून दाबही जवळपास तेवढाच. मेथॉक्सी मिथेनॉल होऊन द्रवात राहिली आणि मग मिथेनॉलचं मिथेन झालं तरी हिशेब हाच: एक हायड्रोजन गेला, एक मिथेन आला. आमच्या प्रयोगात मूळ ९४ पैकी ८० मिलीमोलच्या आसपास हायड्रोजन खर्ची पडला होता, पण त्यातल्या मोठ्या भागाची जागा मिथेनने भरून काढली होती. ठरलेलं काम करणारा उत्प्रेरक आणि इंधनाचा चुरा करणारा उत्प्रेरक, दोघांच्याही शेवटी काटा त्याच जागी येतो.

अगदी काटेकोर बोलायचं तर थोडा फरक पडतो. मिथेन द्रवात जास्त विरघळत असल्यामुळे दाब दीड-दोन बार खाली येतो. १९ ऐवजी १८ च्या आतबाहेर दिसला तो त्यामुळे. पण २०० बारच्या गोल काट्यावर एवढ्या फरकाला कोण विचारतं? आम्ही तो वाचण्यातली चूक धरला.

विद्यार्थ्याला मी हे फळ्यावर मांडून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मॅडम, आपण महागडा हायड्रोजन घालून चुलीचा गॅस बनवत होतो." गोबरगॅसच्या टाकीत जो फुकट तयार होतो तोच वायू. त्याचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं.

रुथेनियम असं का करतो

रुथेनियमच्या पृष्ठभागावर कार्बनचा अणू घट्ट धरला जातो. एकदा कडं तिथे आडवं झोपलं की शेजारशेजारचे धातूचे अणू मिळून कार्बन-कार्बन बंध ओढतात आणि सुटलेल्या प्रत्येक तुकड्याला हायड्रोजन देऊन मिथेन करून सोडतात. कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करायला रुथेनियम हाच अव्वल धातू मानला जातो, यातच सगळं आलं. कमी तापमानाला हीच ताकद कामाची असते, कडं झपाट्याने हायड्रोजनने भरून येतं. आम्ही तापमान २०० वर आणून पाहिलं. मिथेन खूपच घटलं, पण मग बरंचसं उत्पादन सायक्लोहेक्झेनॉल आणि मेथॉक्सीसायक्लोहेक्झेनॉलवरच अडलं, म्हणजे ऑक्सिजन तिथेच. कडं भरल्यावर उरलेलं हायड्रॉक्सिल पाण्याच्या रूपात काढायला आम्लाची जागा लागते, ती नुसत्या कार्बनच्या आधारावर पुरेशी नसते. झिओलाइट (आम्लधर्मी सच्छिद्र खनिज) मिसळून ती देता येते, तसं केलंही जातं. आम्ही वेगळी वाट घेतली, त्यात खर्चाचाही विचार होता. रुथेनियम प्लॅटिनमच्या घराण्यातला दुर्मीळ धातू. पऱ्हाटीच्या इंधनाला तो परवडेल असं मला कधीच वाटलं नाही.

निकेलमध्ये तांबं

१९७२ साली उत्प्रेरकांवर काम करणारे अमेरिकी संशोधक जॉन सिनफेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेल-तांब्याच्या मिश्रधातूंवरचं काम प्रसिद्ध केलं. लिग्निनशी त्याचा काही संबंध नव्हता. निकेलमध्ये थोडंसं तांबं मिसळलं की इथेन तोडून मिथेन करण्याची त्याची गती हजार पटींच्या घरात घसरते, आणि सायक्लोहेक्झेनचा हायड्रोजन काढून बेंझिन करण्याची ताकद मात्र फारशी हलत नाही, असं त्यांनी दाखवलं. माझ्या मते आमच्या प्रश्नाचं उत्तर त्या जुन्या कामात लिहून ठेवलेलं होतं.

कारण समजायला सोपं आहे. कार्बन-कार्बन बंध तोडायला निकेलचे बरेच अणू एकमेकांना लागून असावे लागतात. हायड्रोजन देणं-घेणं थोड्या अणूंवरही चालतं. तांब्याचे अणू पृष्ठभागावर जमायला उत्सुक असतात आणि निकेलचे मोठे घोळके फोडतात. घोळका फुटला की तोडफोड थांबते, देवाणघेवाण चालू राहते. तांब्यामुळे निकेल ऑक्साइड कमी तापमानाला धातूत उतरतं, हाही एक फायदा.

आधार म्हणून झिर्कोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साइड) घेतला. ॲल्युमिना स्वस्त पडला असता, पण या क्रियेत पाणी तयार होतंच, आणि गरम पाण्यात ॲल्युमिनाची रचना बदलून बोहमाइट होतं. १० ग्रॅम उत्प्रेरकात १५ टक्के निकेल आणि ५ टक्के तांबं हवं होतं. त्यासाठी निकेल नायट्रेट ७.४३ ग्रॅम, कॉपर नायट्रेट १.९० ग्रॅम, झिर्कोनिया ८ ग्रॅम. झिर्कोनियाची छिद्रं थोडं पाणी पितात, त्यामुळे एवढं द्रावण एका दमात मावत नाही. तीन हप्त्यांत घातलं, प्रत्येक वेळी ११० अंशांना वाळवलं. घाई केली की क्षार कडेला फुलतो आणि एकाच वाटीत हिरवे-निळे पट्टे उमटतात. आमची पहिली वाटी अशीच टाकून द्यावी लागली. मग ४५० अंशांना हवेत भाजलं आणि ४०० अंशांना हायड्रोजनमध्ये क्षपण केलं, म्हणजे ऑक्सिजन काढून धातू उरवला. क्षपण झालेली पूड हवा लागताच पेट घेऊ शकते, म्हणून नायट्रोजनमध्ये एक टक्का ऑक्सिजन सोडून ती आधी हळूहळू शांत केली. स्फटिकांची रचना ओळखणाऱ्या एक्स-रे विवर्तनात निकेलची रेषा ४४.५ अंशांना आणि तांब्याची ४३.३ ला येते. आमची दोघांच्या मध्ये आली, तेव्हा धातू खरंच एकजीव झाल्याची खात्री पटली.

हा उत्प्रेरक रुथेनियमपेक्षा मंद आहे. २५० अंशांना काम रेंगाळलं, २८० ला सहा तास द्यावे लागले. पण सत्तरपैकी ५५ कार्बन द्रवात सापडले आणि पिशवीत मिथेन निघालं १२. मेथॉक्सीचे दहा जाणारच होते, म्हणजे द्रवात जास्तीत जास्त ६० मिळू शकतात. त्या साठातले पंचावन्न हाती आले. काही सायक्लोहेक्झेनॉल उरलं होतं, ते मला मान्य आहे. अपुरं राहिलेलं काम वेळ देऊन पुरं करता येतं, चुरा झालेलं कडं परत जोडता येत नाही. काटा अर्थातच १९ च्या आसपास थांबला.

अडचण दुसऱ्या वापरात आली. तीच पूड पुन्हा घातली तेव्हा सायक्लोहेक्झेनॉल वाढलं, आणि तिसऱ्या वेळी आणखी. विवर्तनातली रेषा अरुंद आणि टोकदार झाली होती, याचा अर्थ धातूचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे झाले. पाण्याची वाफ आणि २८० अंश यांचा हा परिणाम असावा असं मला वाटतं. निकेलचं प्रमाण १५ वरून कमी करून कण दूर दूर बसवले तर ते टिकतील का, ते आता पाहतो आहोत.

यापुढचं खरं काम शेपटी असलेल्या रेणूवर आहे. सायक्लोहेक्झेन विमानाच्या इंधनासाठी फार हलकं. प्रोपिलग्वायाकॉलपासून मिळणारं प्रोपिलसायक्लोहेक्झेन १५७ अंशांना उकळतं, ते केरोसीनच्या पट्ट्यात बसतं. पण तीन कार्बनची शेपटी टोकाकडून एकेक कार्बन गमावू शकते, आणि दर वेळी एक हायड्रोजन जाऊन एक मिथेन येतो. काट्याला तेही कळणार नाही. म्हणून आता रिॲक्टरच्या वहीत कन्व्हर्जनच्या आधी दोन रकाने आखले आहेत, द्रवातला कार्बन आणि पिशवीतला कार्बन, आणि दोन्ही भरल्याशिवाय काका पुढच्या फेरीसाठी हायड्रोजनचा सिलिंडर उघडत नाहीत.